भरल्या बेसवर दिलेली वाट

आत्या फुलंब्रीहून यायची ती कधी कळवून नव्हे. सिडकोतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुधाच्या कॅनचा खणखणाट झाला, मामांची मोटारसायकल दोनदा खोकून बंद पडली आणि पाठोपाठ "रामा हाय का घरात?" अशी बाबांच्या नावानं हाक आली की आई हातातलं काम टाकून आधी स्टोव्हला पंप मारायची. आत्या दारात पाय धुऊन आत येईपर्यंत पाट मांडलेला असे, चहा कपात असे आणि बशीत दोन चकल्या. आत्याला मागायची वेळच येऊ द्यायची नाही, हे आईचं धोरण. कारण एकदा मागायला लागली की ती चहापासून सुरुवात करून स्वतःच्या लग्नात न मिळालेल्या मानाच्या लुगड्यापर्यंत जायची, आणि मग त्या दिवशी कुणाच्याच पोटात घास नीट जायचा नाही. आई म्हणायची, "द्यायचंच हाय तर आधीच द्यावं. मागून दिलं तर वस्तूबी जाते अन् वर चार शब्द ऐकावे लागतात." आत्या अशी मानपानानं तृप्त होऊन भिंतीला टेकली की आई ओट्याशी उभ्या असलेल्या मामांकडे वळायची. आत्याचे यजमान म्हणजे आमचे मामा, अगदी गरीब गाय. त्यांच्याकडून पाणी न घातलेलं दोन लिटर दूध आणि म्हैस व्यायली असली तर खरवसाचा चीक आई हसत हसत काढून घ्यायची. आत्याला पत्ताही लागत नसे.

या सगळ्यात केवढी राजनीती आहे ते मला घरात कधी समजलं नाही. ते मला समजलं बेसबॉलच्या मैदानावर. आता औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कंपनीत फिटर असलेल्या माणसाची मुलगी बेसबॉल खेळायला कुठून लागली, असं माझी सूनसुद्धा विचारते. तर त्याचं उत्तर गवळी सर. सर आमचे पी.टी.चे शिक्षक. मूळचे कबड्डीचे. बेसबॉल ते तीन दिवसांच्या एका शिबिरात शिकून आले, आणि त्यातला मधला दिवस तापानं अंथरुणात होते. त्यामुळे खेळाची सुरुवात आणि शेवट त्यांना पक्का ठाऊक होता, मधलं सगळं त्यांनी शेतीच्या अनुभवावरून भरून काढलं. बेस म्हणून वाळू भरलेली गोणपाटं. होम म्हणजे ट्रकच्या टायरचा कापलेला तुकडा. नऊ मुलींत ग्लोव्ह पाच, ते आम्ही डाव बदलताना समोरच्या संघाकडूनही मागून घ्यायचो. मी पिचर, कारण मी गल्लीतल्या चिंचेचे आकडे नेम धरून पाडायचे आणि ते सरांनी सायकलवरून जाताना पाहिलं होतं. बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणारी कॅचर नसीम, कारण तिला कशाचीच भीती वाटत नसे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. पिचरनं टाकलेला बॉल होमच्या वरून, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत गेला तर तो चांगला. असे तीन चांगले बॉल तिनं चुकवले की ती बाद. पण पिचरनं चार बॉल बाहेर टाकले तर बॅटरनं बॅट खाली टाकून पहिल्या बेसवर निवांत चालत जायचं. पुढं मागच्या मुलींच्या फटक्यांवर पळत चारही बेस पुरे केले की एक रन. आता एखादी मुलगी फारच दणकून मारणारी असली तर तिच्याशी भांडत न बसता मुद्दाम चार बॉल बाहेर टाकायचे, तिला पहिल्या बेसवर पाठवून द्यायचं, आणि तिच्यामागून येणाऱ्या लेच्यापेच्या मुलीला बाद करून डाव संपवायचा, अशी एक चाल या खेळात आहे. इंग्रजीत तिला मोठं नाव आहे. सर तिला 'वाट देणं' म्हणत.

"मारका बैल समोरून आला तर छाती काढून उभं ऱ्हायचं का?" सर विचारायचे.

"नाय सर," आम्ही नऊ जणी.

"मग काय करायचं?"

"वाट द्यायची सर."

"अन् मागून येणारं वासरू धरायचं. बैल कोण हाय ते आंधळ्यालाबी दिसतं. मागं वासरू हाय का दुसरा बैल, ते बघायला डोकं लागतं."

हे शेवटचं वाक्य खरं तर फार शहाणपणाचं होतं. पण सरांचं आणि त्या चालीचं असं काही जमलं की त्यांना जिकडंतिकडं बैलच दिसायला लागले. वेरूळच्या शाळेत एक ताडमाड मुलगी होती. तिची उंची बघूनच सरांनी तिला सामन्याच्या पहिल्याच बॉलपासून वाट द्यायला लावली. नंतर कळलं की तिनं बॅट त्या दिवशी पहिल्यांदा हातात धरली होती आणि ती मुळात उंच उडीसाठी आली होती. सरांची खूण म्हणजे डोक्यावरची टोपी काढून रुमालानं टक्कल पुसायचं. एकदा एप्रिलच्या उन्हात त्यांना खरोखरच घाम आला आणि आम्ही लागोपाठ तीन मुलींना वाट देऊन बसलो. शेंद्र्याच्या शाळेशी खेळताना तर कमालच झाली. तेव्हा शेंद्र्यात कंपन्या नव्हत्या, जत्रा आणि शेती एवढंच होतं. तिथली एक मुलगी चार बॉल बाहेर गेल्यावरही जागची हलेना. पंच म्हणाले, "जा, बेसवर जा." ती म्हणाली, "मी मारलंच नाय तर जाऊ कशी? फुकटचं नको आम्हाला." पंचांनी समजावलं, त्यांच्या सरांनी समजावलं, शेवटी तिच्या मोठ्या बहिणीनं हाताला धरून तिला बेसवर नेऊन उभं केलं, तेव्हा ती रडत होती. परवा माझ्या नातवानं मोबाइलवर दाखवलं, की आता तिकडं अमेरिकेत बॉलसुद्धा टाकावे लागत नाहीत. प्रशिक्षकानं बाकावरून नुसती चार बोटं दाखवायची, बॅटर निघाली चालत. मला ते मुळीच आवडलं नाही. वाट द्यायची तर चार वेळा हात फिरवून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत द्यावी. देणाऱ्यालाही थोडी लाज वाटली पाहिजे.

संध्याकाळी कंपनीचा भोंगा झाला की मी घरामागच्या भिंतीवर खडूनं चौकोन काढून बॉल मारत बसायचे. धप्, धप्, धप्. शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी, पलीकडच्या मशिदीतली बांग, आईची भाकरी थापल्याचा आवाज आणि माझा धप्, हे सगळं एकदमच चालायचं. नसीम तिच्या घरून डब्यात मटणाचा खलिया आणायची, मी तिला शेंगदाण्याची चटणी घालून धपाटं द्यायचे, आणि आम्ही दोघी पायरीवर बसून पुण्याची स्वप्नं बघायचो. पुण्याचीच का? कारण जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला निवड समिती येणार होती. त्या सामन्यातून विभागाच्या संघासाठी मुली निवडायच्या होत्या. निवडलेल्या मुलींना पुण्यात शिबिर, मग तिथंच वसतिगृहात राहून खेळ आणि पुढचं शिक्षण. मी तोपर्यंत जालन्याच्या पलीकडे गेले नव्हते. पुणं म्हटलं की मला झोप येत नसे.

आणि पुणं हवं असलेली आणखी एक मुलगी होती. आत्याची गोदी.

गोदावरी माझ्याहून चार महिन्यांनी मोठी, फुलंब्रीच्या शाळेच्या संघात. घरात सहा म्हशी. पहाटे तीन म्हशींच्या धारा गोदी काढायची, उरलेल्या तिघींच्या मामा. त्यामुळे तिचे हात असे तयार झाले होते की बांगड्या मनगटाच्या वर सरकायच्याच नाहीत. तिनं एकदा मारलेल्या फटक्यानं मैदानाबाहेरच्या पिठाच्या गिरणीचा पत्रा पोचला होता आणि गिरणीवाल्यानं तो पोचा न काढता तसाच ठेवला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. आत्याचं मात्र साफ म्हणणं होतं. "धाव्वी झाली की बास. सरकारनं सोताहून नेलं तर जाऊ दे पोरीला, आपण नाय म्हणायचे कोण? पण नाय नेलं तर म्हशी हायेत." मामा यावर उठून म्हशींकडे जायचे. गोदीनं मला दिवाळीत अंगणातल्या बाजेवर बसून सांगितलं होतं, "लते, मला म्हशींचा राग नाय. पण जन्मभर त्यांच्याच तोंडाकडं बघायचं म्हणलं की कुठंतरी पळून जावं वाटतं." मी तिला म्हटलं, आपण दोघी जाऊ पुण्याला, एकाच खोलीत राहू. तेव्हा अंतिम सामन्याला समोरासमोर कोण येणार ते ठरलेलं नव्हतं. मी गोदीला तोवर एकही बॉल टाकलेला नव्हता. एकमेकींकडे गेलो की आम्हाला लसूण सोलायला बसवत.

अंतिम सामना आमचा आणि फुलंब्रीचाच झाला. थंडीचे दिवस, हुरड्याचा हंगाम. आत्या मामांच्या गाडीवर कॅनच्या मधे बसून आली, मांडीवर हुरड्याचं फडकं आणि दह्याचं गाडगं. आई आधीच आली होती. दोघी सतरंजीवर बसल्या. निवड समितीच्या एक चष्मेवाल्या बाई आणि एक टोपीवाले गृहस्थ सावलीला खुर्च्या टाकून वही उघडून बसले. गोदीनं मला लांबून हात केला. मीही केला. तेवढ्यात सर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ती गोदावरी. चारी वेळा वाट."

"सर, पण आज निवड आहे. तिला मारायलाच मिळालं नाही तर?"

"तिच्या निवडीची काळजी तिच्या सरला. तिच्यामागं कोण हाय बघितलंस का? छबू. त्यांच्या मुख्याध्यापकांची भाची. बॉल आला की डोळे मिटती. असं वासरू मी जल्मात बघितलं नाय."

पहिल्या डावात गोदी आली तेव्हा बेस सगळे रिकामे होते. वाट द्यायचं काही कारणच नव्हतं. सरांनी टोपी काढली, टक्कल पुसलं. नसीम होमच्या बाजूला चार पावलं सरकून उभी राहिली आणि मी तिच्याकडे चार बॉल टाकले. गोदी पहिल्या बॉलला हसली, दुसऱ्याला तिनं माझ्याकडे पाहिलं, चौथ्यानंतर बॅट खाली ठेवून चालत गेली. आणि सतरंजीवरून आत्याचा आवाज आला, "बघा वो बाया! मामाच्या लेकीनं मान राखला! बाकीच्या पोरी ऊर फुटूस्तोवर पळतात, माझी कशी चालत गेली, पाटलिणीवाणी!" आजूबाजूच्या बायकांनीही माना डोलावल्या. ज्या घरात आल्याबरोबर पाट आणि चहा मिळतो, त्या घरच्या भाचीनं भर मैदानात तेच केलं, यात आत्याला नवल वाटावं असं काही नव्हतंच. डाव बदलला तेव्हा ती फडकं घेऊन थेट मैदानात आली, माझ्या तोंडात हुरड्याचा घास कोंबला आणि माझ्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. पंचांनी शिटी वाजवली तरी ती ढळली नाही. मला तो हुरडा गिळेना. आईकडे पाहिलं तर ती दह्याच्या गाडग्यात डोकं घालून बसली होती. आईला गल्लीतल्या सरावामुळे सगळा खेळ कळत होता, पण चारचौघांत आत्याचा गैरसमज दूर करणाऱ्यांतली ती नव्हती.

दुसऱ्या वेळेला पुन्हा तेच. आत्यानं बायकांना हुरडा वाटला. तिसऱ्या वेळेला गोदीचे डोळे भरून आले होते. चौथा बॉल बाहेर गेला तशी तिनं बॅट जमिनीवर आपटली आणि पहिल्या बेसवर जाऊन सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडली, "आई, मान कसला गं हा! घाबरल्यात त्या मला! मारू द्यायना झाल्यात! त्या बाईंच्या वहीत काय लिहायचं माझं? चालती चांगली म्हणून?"

आत्याच्या हातातला हुरडा तसाच राहिला. तिनं आईकडे पाहिलं आणि तिच्या पडलेल्या मानेवरून सगळं ओळखलं. मग ती उठून सतरंजीच्या टोकाला येऊन उभी राहिली, ती बसलीच नाही.

दोन डाव असेच गेले. शेवटच्या डावात आमचे पाच रन, त्यांचे तीन. त्यांच्या दोन मुली बाद, एक बाद झाली की आम्ही जिंकलो. पण तिन्ही बेसवर त्यांच्या मुली उभ्या, आणि बॅट घेऊन आली गोदी. अशा वेळी वाट देणं म्हणजे सरळ एक रन हातात नेऊन देणं, कारण गोदी पहिल्या बेसवर गेली की सगळ्या एकेक बेस पुढं सरकणार आणि तिसरीवरची होमला येणार. असं कुणी करत नाही. मला खात्री होती की या वेळी तरी सर मला खेळू देतील. मी वळून पाहिलं. सर टोपी काढत होते.

नसीम मास्क वर करून माझ्याकडे आली. "क्या करना? भरे बेस पे कौन देता रे?" मग सरांकडे पाहून म्हणाली, "सर तो पूरे पगला गए. तू बोल. तू बोलेगी तो मैं सीधी बैठती."

तेवढ्यात आत्या. "लते! मान नको आम्हाला. बॉल टाक नीट. माझ्या पोरीचं नशीब हाय तिथं. आज जर का तू बाहेर टाकलास तर रामाच्या घरचं पाणी प्यायची नाय मी, सांगून ठेवते!" आमच्याकडे ही धमकी साधी नव्हे. बहिणीनं भावाच्या घरचं पाणी सोडलं की दिवाळीच्या भाऊबीजेपासून पोरांच्या लग्नापर्यंत सगळंच अडतं. आई उभी राहिली. बाबा कामावर होते ते एक बरं. गोदी टायरच्या तुकड्याशी बॅट खांद्यावर घेऊन उभी होती आणि माझ्याकडे एकटक बघत होती, आणि त्या बघण्यात विनवणी होती.

मी नसीमला म्हणाले, "बाहेर उभी राहा."

सरांनी सांगितलं म्हणून टाकले, असं मी पुढं कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आले. ते खोटं होतं. नसीम सरळ बसायला तयार होती. सर लांब होते, बॉल माझ्या हातात होता. पण मला त्या गिरणीचा पोचलेला पत्रा दिसत होता. गोदीनं मारलं तर हरू, वहीत माझ्या नावापुढं काट मारतील, आणि पुणं जाईल, याची मला भयंकर भीती वाटली. मी चार बॉल बाहेर टाकले. त्यांचे चार रन झाले. गोदी पहिल्या बेसवर गेली ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मग छबू आली, तिनं डोळे मिटले, तीन बॉलांत बाद झाली, आणि आम्ही जिंकलो. सरांना पोरींनी उचलायचा प्रयत्न केला, पण ते जड होते. आत्या आईशी एक शब्द न बोलता दह्याचं गाडगं उचलून मामांच्या गाडीवर जाऊन बसली.

अर्ध्या तासानं चष्मेवाल्या बाईंनी नावं वाचली. पहिलंच नाव गोदावरी. मैदानात कुजबूज झाली. आमच्या सरांनाच राहवेना. "बाई, तिनं तर एकबी बॉल मारला नाय," ते म्हणाले. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "सर, पंधरा वर्षं सामने बघतेय. बेस भरलेले असताना, समोरच्यांना एक रन फुकट देऊन जिला सोडून देतात, अशी मुलगी मी आज पहिल्यांदा बघितली. तुमच्याइतकी मोठी शिफारस तिची आणखी कोण करणार?" नसीमचंही नाव निघालं. माझं निघालं नाही. सरांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "तुमची पिचर? सात वेळा वाट दिलीत तुम्ही आज, त्यात चार वेळा गोदावरीलाच. अठ्ठावीस बॉल तिनं बाहेरच टाकले. दणकून मारणारीला ती टाकते कशी, ते मला दिसलंच नाही." सरांनी टोपी काढली आणि या वेळी खरोखरच घाम पुसला.

आत्याला हे कळलं तेव्हा ती गाडीवरून उतरून तरातरा आली, आणि आईच्या समोर उभी राहून म्हणाली, "म्हणलं नव्हतं मी? मानच होता त्यो! ही गोदी येडी, काय बी बोलती." आणि आईनं डब्यातून आणलेलं पाणी तिनं एका दमात पिऊन टाकलं. मामा म्हशींच्या धारेची वेळ झाली म्हणून गाडीला किक मारायला लागले. सहा म्हशींच्या धारा आता एकट्यालाच काढाव्या लागणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर आत्तापासूनच दिसत होतं, पण ते हसत होते.

मी सायकलींच्या मागे जाऊन रडत होते. खोटं कशाला सांगू, गोदीसाठी आनंद वगैरे काही मला त्या वेळी झाला नाही. मत्सर झाला, आणि सरांचा इतका राग आला की त्यांच्या सायकलची हवा सोडावी असं वाटलं. गोदीनं मला शोधून काढलं. तिच्या हातात बॅट होती, मागं नसीम.

"ऊठ," गोदी म्हणाली. "मला बॉल टाक."

"आता काय उपयोग?"

"टाक म्हणते ना. मला मारायचंय. सकाळधरनं हात शिवशिवायलेत माझे."

पुढं जे झालं ते आम्हा तिघींशिवाय कुणाला ठाऊक नाही. गोदी पुढं राज्याच्या संघातून खेळली, खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीला लागली, किती मुलींना तिनं हा खेळ शिकवला. गेल्या वर्षी निवृत्त झाली, तेव्हा मी फोन करून विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिही बाई. आता माझी पेन्शन थोडीच बंद करणारेत."

मैदान रिकामं झालं होतं. उन्हं कलली होती. नसीम मास्क न घालताच होमच्या मागे बसली, सरळ. मी बॉल टाकायच्या उंचवट्यावर गेले आणि घरामागच्या भिंतीवरच्या खडूच्या चौकोनात टाकायचे तसाच बॉल टाकला. गोदीची बॅट हवेत फिरली, बॉल नसीमच्या ग्लोव्हमध्ये. "हात बधिर झालाय," गोदी म्हणाली. मी दुसरा टाकला. बॅट पुन्हा हवेत. तिनं पाय सरकवले, ओठ दाबले. तिसरा टाकला. बॅटच्या वाऱ्याचा आवाज मला ऐकू आला आणि मग धप्, ग्लोव्हचा. नसीमच्या तोंडून सवयीनं "औट" निघून गेलं आणि तिनं जीभ चावली.

सगळ्या सामन्यात मी जिला भ्यायले, तिला मी तीन बॉलांत बाद करू शकत होते. एकदा जरी सरळ टाकलं असतं तरी पुण्याला मी गेले असते, आणि गोदी म्हशींच्या तोंडाकडं बघत फुलंब्रीत राहिली असती. हे मला जेव्हा कळलं तेव्हाच तिलाही कळलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मामांनी लांबून हॉर्न वाजवला. गोदीनं पुन्हा बॅट खांद्यावर घेतली.

"अजून एक टाक, लते," ती म्हणाली. "एकच."

मी बॉल हातात फिरवला. आता मला तिची भीती मुळीच वाटत नव्हती. हाही तिला लागणार नाही, हे मला बोटांत कळत होतं, आणि तो न लागता ती पुण्याला गेली तर तिथं तिच्या डोळ्यांसमोर काय राहील तेही कळत होतं. मी उंचवट्यावरून उतरले, बॉल नसीमच्या पिशवीत टाकला आणि गोदीच्या हातातली बॅट काढून घेतली.

"नाय टाकत," मी म्हणाले. "तू जा पुण्याला."